यंत्र आलं, मिस्त्री कुठला?

नमस्कार श्रोतेहो.

शिकलेल्या पोराला काम नाही, हे दुखणं आता आपल्याकडे गल्लोगल्ली दिसतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२४ चा भारताविषयीचा अहवाल सांगतो, की एकूण बेरोजगारांमध्ये माध्यमिक किंवा त्याहून जास्त शिकलेल्या तरुणांचा वाटा २००० साली ५४.२ टक्के होता, तो २०२२ मध्ये ६५.७ टक्क्यांवर गेला. शाळा-कॉलेजं वाढली, कामं त्या मानानं वाढली नाहीत.

आपल्या देशानं विज्ञान-तंत्रज्ञानाची धोरणं वेळोवेळी केली: १९५८, १९८३, २००३, २०१३. संशोधनावरचा खर्च मात्र राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याच्याही आत राहिला. तो वाढलाच पाहिजे. पण माझा आग्रह वेगळ्या गोष्टीसाठी आहे. गावात जे यंत्र येतं ते चालवणारा, दुरुस्त करणारा आणि उद्या त्यात सुधारणा करणारा माणूस कुठला असणार, हे धोरणातच लिहिलेलं असावं.

तासगावचा बेदाणा घ्या. पूर्वी शेडवर बायका हातानं निवड करायच्या, अजूनही बऱ्याच ठिकाणी करतात. आता कलर सॉर्टर आलेत. पट्ट्यावरून बेदाणा धावतो, कॅमेरा एकेक मणी पाहतो, काळा किंवा डागी दिसला की हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो. काम झपाट्यानं होतं. पण ज्या हातांची मजुरी गेली, त्यांचं काय? आणि ऐन हंगामात एखादा झोत चुकायला लागला तर कारागीर लांबून येईपर्यंत माल पडून राहायचा का? या यंत्राची देखभाल, कॅमेऱ्याची जुळवणी, मालाची तपासणी ही सगळी कामं तासगाव-कवठेमहांकाळच्या मुलामुलींना शिकवता येतात. यंत्राला अनुदान देताना त्यासोबत दोन स्थानिक मुलांच्या प्रशिक्षणाची अट का घालू नये? त्यातली एक जागा शेडवर काम करणाऱ्या बाईच्या लेकीला मिळावी, असं मला मनापासून वाटतं.

तीच गोष्ट सौर पंपांची. २०१९ च्या कुसुम योजनेपासून जत, आटपाडी, माण, खटावच्या शिवारात पॅनेल दिसू लागली. कंट्रोलर बिघडला की पीक थांबत नाही, पाण्याची पाळी चुकते. वायरमनचा ट्रेड केलेला गावातला पोरगा थोड्या जादा शिक्षणावर हे काम करू शकतो. कंपनीनं सुटे भाग तालुक्यात ठेवावेत आणि दुरुस्तीचं काम स्थानिक मुलांना द्यावं, एवढं करारात घातलं तरी पुष्कळ होईल.

हे आपल्या मातीला नवं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळावर कारखाना उभारला. तिथल्या लोखंडी नांगरानं जमीन बिघडेल म्हणून शेतकरी तो घ्यायला कचरत होते. तो नांगर गावोगाव जाऊन विकणाऱ्यांत भाऊराव पाटील होते. त्यांनीच १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे 'कमवा आणि शिका' रुजवलं. कारखाना, शेत आणि शाळा एकमेकांना किती जवळ होती बघा!

आज शिकाऊ उमेदवारीचा कायदा आहे, १९६१ चा. तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना उमेदवार घ्यावेच लागतात. चार माणसांच्या वर्कशॉपलाही ते स्वेच्छेनं घेता येतात, आणि विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकार देतं. कुपवाड, मिरज, सातारा एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपवाल्यांनो, तुमच्याकडं लेथवर हात बसलेला जुना मिस्त्री असेल, तर तो निवृत्त व्हायच्या आत एक पोरगं त्याच्या शेजारी उभं करा. नोंदणी ऑनलाइन होते. जमत नसेल तर जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन विचारा.