पेढे खाल्ले, बोनस गेला

नमस्कार श्रोतेहो. आज पगाराविषयी बोलायचंय. लोकांना सांगतो तो पगार नव्हे, खात्यात पडतो तो. हल्ली लग्नाच्या बैठकीत 'पॅकेज किती' असं विचारतात. मला हा शब्दच आवडत नाही. पॅकेज सहलीचं असावं, मुलाचं कशाला? असो.

आधी एक गोष्ट पक्की करू. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत ३० टक्के दर आहे तो २४ लाखांच्या वरच्या उत्पन्नाला. वरच्या, बरं का. खालच्या २४ लाखांना खालचेच दर. पुन्हा सांगतो, वरच्या स्लॅबमध्ये गेलात म्हणून सगळ्या पगारावर ३० टक्के लागत नाहीत.

खरी मेख अधिभारात आहे, म्हणजे सरचार्जमध्ये. करपात्र उत्पन्न ५० लाखांपुढे गेलं की करावर १० टक्के अधिभार, कोटीपुढे १५, दोन कोटींपुढे २५. आणि हा लागतो संपूर्ण करावर. त्यावर ४ टक्के उपकर सगळ्यांनाच.

आता गोष्ट ऐका. आमच्या वरच्या मजल्यावर एक इंजिनिअर राहतो. गेल्या मार्चमध्ये कंपनीने त्याला १ लाख बोनस दिला. पठ्ठ्या त्याच संध्याकाळी पेढे घेऊन हजर. पेढे उत्तम होते. नाहीतर हल्ली पेढा म्हणजे नुसती साखर. महिनाअखेरीस तोच पोरगा पगाराची स्लिप घेऊन दारात उभा. "काका, हा बोनस आहे की दंड?"

बघितलं तर बोनसपायी त्याचा १ लाख ४६ हजार ६४० रुपये जादा कर कापला होता. लाखावर दीड लाखाच्या घरात! मी चाळीस वर्षं हिशेबनीस होतो, तरी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि बसलो मांडायला. बोनस नसता तर त्याचं करपात्र उत्पन्न बरोबर ५० लाख. त्यावर कर १० लाख ८० हजार, उपकर ४३ हजार २००. बोनस धरून ५१ लाख. कर ११ लाख १० हजार, आणि आता अधिभार सुरू, १ लाख ११ हजार. काटा लाखाने सरकला आणि अधिभाराचा दगड अख्ख्या करावर पडला.

पण कायद्यात याला उतारा आहे, मार्जिनल रिलीफ. ५० लाखांच्या वर जेवढी कमाई, त्याहून जास्त कर आणि अधिभार वाढू द्यायचा नाही. कंपनीच्या सॉफ्टवेअरने ते धरलंच नव्हतं. मी म्हटलं, "अरे, ४२ हजार ६४० परत मिळतील, रिटर्न भरताना माग." पोरगा खुलला. "म्हणजे बोनस वाचला?"

"नाही ना. रिलीफ धरूनही पूर्ण लाख गेलाच. आणि उपकर रिलीफनंतर लागतो, म्हणून वर ४ हजार. एकूण १ लाख ४ हजार." कमाई लाखाची, कर १ लाख ४ हजार. ऐकलंत ना? १ लाख ४ हजार.

त्याला धीर द्यावा म्हणून सांगितलं, १९७३-७४ मध्ये सर्वोच्च दर अधिभारासकट ९७.७५ टक्के होता, वरच्या टप्प्यात रुपयातले सव्वादोन पैसे हाती यायचे. तो म्हणाला, "काका, निदान सव्वादोन पैसे तरी यायचे!" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हा चिमटा साधारण ५१ लाख ६१ हजारांपर्यंतच बसतो. त्यापुढे वाढीव रुपयातले ६५-६६ पैसे हातात राहतात. कोटीच्या उंबऱ्यावर पुन्हा तोच खेळ.

वेळ संपत आली, म्हणून त्याला सांगितलं तेच तुम्हालाही. ५० लाखांच्या आसपास असाल तर वर्ष संपायच्या आधी हिशेब मांडा. कंपनीने तुमच्या एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेच्या, खात्यात स्वतःचा वाटा भरला, तर मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत तो नव्या प्रणालीतही वजा होतो. वाढीव पैसे तिकडे वळवता येतात का, ते आधीच विचारा, मार्चमध्ये नव्हे.

आमच्या इंजिनिअरने यंदा एप्रिलमध्येच विचारलंय. पेढ्यांचं विचारलं तर म्हणाला, "काका, रिफंड येऊ दे."