हॅट आतून दाखवा

मंडळी, पत्रिकेत आजचा विषय छापलाय तो 'जुन्या हॅटचं वय कसं ओळखावं' असा. त्यावर मी येणारच आहे. पण त्याआधी मनातली एक गोष्ट बोलू द्या, कारण ती समजून घेतील अशी माणसं एका खोलीत क्वचितच भेटतात. जुनी हॅट विकणाऱ्यानं ती आतून दाखवली पाहिजे. नाही दाखवली, तर निम्मी हॅट लपवली असं मी समजतो.

विक्रीला ठेवलेल्या हॅटचे फोटो आठवा. एक समोरून, एक बाजूनं, एक पुतळ्याच्या डोक्यावर, छान उजेडात. रिबन दिसते, काठ दिसतो, आतलं काहीच नाही. खाली मजकूर: 'विंटेज फेडोरा, उत्तम स्थिती, मध्यम आकार.' मध्यम म्हणजे किती, असं विचारलं की उत्तर येतं, 'मला नीट बसली.' अहो, पण तुमच्या डोक्याचा घेर मला कुठून ठाऊक असणार!

हा आकाराचा घोळ जरा नीट सांगतो, कारण सगळ्यात जास्त मनस्ताप त्याचाच. ब्रिटिश मापाची ७ नंबरची हॅट साधारण ५७ सेंटिमीटर घेराची. तोच घेर अमेरिकन मापात ७ १/८ होतो. म्हणजे आत नुसता '७' असेल, तर हॅट कुठल्या देशातली हे कळेपर्यंत त्या आकड्याचा काही उपयोग नाही. फरक एका सेंटिमीटरचा, पण तेवढ्यानंच हॅट दिवसभर सुखानं बसते किंवा कपाळावर वळ उठवते. बरं, देश कळला तरी सुटका नाही. आतून जी चामड्याची पट्टी असते, आपला स्वेटबँड, ती वर्षानुवर्षं सुकत आणि आकसत जाते. आकसताना फेल्टलाही, म्हणजे हॅटच्या दाबून बनवलेल्या लोकर-फरच्या कापडालाही, आत ओढते. त्यामुळे छापलेला आकडा शंभर टक्के खरा असतो आणि तरीही हॅट त्या मापाची राहिलेली नसते. उपाय म्हणाल तर शिवणकामाची टेप! पट्टीच्या आतून फिरवायची आणि सेंटिमीटर लिहायचे. पाच मिनिटांचंही काम नाही. एवढ्याशा आळसापायी हॅटा पार्सलनं येतात आणि तशाच परत जातात, आणि त्या प्रवासात चेपतात. चेपलेली हॅट वाफेवर सावरता येते हे मान्य, पण सुकलेली पट्टी एकदा चिरली की चिरली.

मोठ्या मापाच्या जुन्या हॅटा इतक्या कमी का मिळतात, हे इथल्या बऱ्याच जणांनी मला विचारलंय. माझा तर्क सांगतो. ज्या हॅटा बहुतेकांना बसत होत्या त्या वापरून वापरून संपल्या, आणि कुणालाच न बसणाऱ्या लहान हॅटा खोक्यात सुरक्षित राहिल्या. ५९-६०च्या पुढच्या डोक्यांनी धीर धरावा, दुसरं काय सांगू.

आता कसर, म्हणजे कपडे खाणारी कीड. तिच्या अळ्या केराटिन खातात, म्हणजे लोकर आणि फर, म्हणजे आपली अख्खी हॅट. वरून ब्रश फिरवला की खाल्लेली जागा झाकते. हॅट दिव्यासमोर धरून आतून पाहिली की भोकं चमकतात. तो एक फोटो कुणी देत नाही!

सगळ्यात वाईट म्हणजे ती 'साफसफाई'. फाटलेलं अस्तर उपटून टाकतात, पट्टीमागचे मळकट कागद फेकून देतात आणि वर 'स्वच्छ केलेली' म्हणून अभिमानानं विकतात. त्या कागदांवरच तर हॅटचा जन्मदाखला असतो हो!

आयोजकांची चिठ्ठी आली, वेळ थोडा उरलाय. तेव्हा जाहीर केलेला विषय भराभर घेतो.

पट्टी हलक्या हातानं उलटा. अमेरिकन हॅटमध्ये मागे पुष्कळदा कामगार संघटनेचं छोटं लेबल असतं. टोप्या आणि स्त्रियांच्या हॅटा बनवणाऱ्यांची संघटना हॅटवाल्यांच्या संघटनेशी १९३४मध्ये एक झाली. लेबलावर ते जोडनाव असेल, तर हॅट त्याआधीची नाही. स्टेटसन या अमेरिकन हॅट कंपनीचा फिलाडेल्फियातला कारखाना १९७१मध्ये बंद पडला, तेव्हा तिथं बनल्याचा शिक्का असलेली हॅट त्याआधीची. दुकानाचा पत्ता छापलेला असेल आणि त्यात पाच आकडी झिप कोड असेल, तर तो अमेरिकेत १९६३मध्ये आला हे लक्षात ठेवा. बोर्सालिनो ही इटालियन हॅट कंपनी १८५७पासून आहे, त्यामुळे नुसत्या नावावरून काळ ठरवू नका. पट्टी बदललेली नाही ना, हे शिवणीच्या जुन्या भोकांवरून तपासा. आत छापलेल्या 'एक्स' (X) अक्षराच्या खुणा मोजून दर्जा ठरवू नका, सगळ्या कंपन्यांना लागू असं एकच प्रमाण त्यांना नाही.

शेवटचं, आणि हे लिहून घ्या. फरचं फेल्ट बनवताना पूर्वी पाऱ्याचं संयुग वापरत. अमेरिकेत ते १९४१च्या डिसेंबरमध्ये थांबलं. त्याआधीच्या फर फेल्टमध्ये पारा अजून असू शकतो. आत चाचपायचंच आहे, पण हातमोजे घालून, आणि ती हॅट लहान मुलांच्या हाती देऊ नका. आता प्रश्न विचारा. कुणी हॅट आणली असेल तर पुढे या, आणि उलटी धरून आणा.