आलं आधी, गूळ शेवटी

(दृश्य: खानापूर तालुक्यातलं एक स्वयंपाकघर. बाहेर आषाढाचा पाऊस. गॅसवर पातेलं.)

देशातली सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात पिकते, पण ती चिकमगळूर, कोडगूकडे. इकडे बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी घरांत पाहुणा चपला काढेपर्यंत चहाचं आधण चढलेलं असतं. "चहा घेऊन जावा की ओ," एवढं म्हटलं की सुटका नाही.

आज दोन कप चहा, तोही गुळाचा. चिकोडी-निपाणीचा पट्टा उसाचा, त्यामुळे गूळ घरात असतोच. तरी पाहुण्यांपुढे गुळाचा चहा ठेवायला बायका कचरतात, कारण ऐन वेळी दूध फाटतं. दोष बहुतेकदा गुळाला दिला जातो. खरं तर चुकतो तो क्रम.

(दृश्य: खलबत्त्यात आलं ठेचलं जातं.)

पातेल्यात सव्वा कप पाणी. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांच्या आसपास आहे, म्हणून इथं पाणी शंभराला नाही, ९७-९८ अंशांनाच उकळतं. चहाचं त्यानं काही बिघडत नाही. बोअरचं जड पाणी मात्र बिघडवतं: चहा काळपट दिसतो, वर तवंग येतो. नळाचं किंवा आडाचं गोडं पाणी असेल तर तेच घ्या.

अंगठ्याच्या पेराएवढं आलं ठेचून थेट पाण्यात टाकायचं आणि तीन-चार मिनिटं खळखळ उकळू द्यायचं. ताज्या आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं एक विकर असतं. उकळीत ते निकामी होतं. चहा उकळून झाल्यावर, दुधात वरून आलं किसून टाकणाऱ्यांचं दूध याच विकरामुळे फाटतं. परसातल्या गवती चहाची दोन पाती गाठ मारून आल्याच्या मागोमाग टाका आणि झाकण ठेवा, कारण त्याचा वास वाफेबरोबर उडून जातो. वेलदोडा आल्याच्या चहात घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन्ही वास एकमेकांना मारतात.

(दृश्य: चहाची पूड पडते, पाणी लाल होतं.)

आता पूड, दोन सपाट चमचे. बाजारात मिळते ती बहुतेक सीटीसी, म्हणजे पानं चिरडून, फाडून, वळवून केलेले बारीक दाणे. ही पद्धत १९३०च्या दशकात आसामात सुरू झाली. दाणा बारीक असल्यानं रंग आणि कडकपणा झटकन उतरतो, दोन मिनिटं पुरतात. कडक हवा असेल तर पूड वाढवा, वेळ नको. दहा मिनिटं रटरटलेला चहा कडक होत नाही, तुरट होतो.

दूध एक कप, दुसऱ्या शेगडीवर तापवलेलं. फ्रिजमधलं गार दूध ओतलं की उकळी मोडते आणि चहा पुन्हा ताटकळतो. म्हशीचं असेल तर पाऊण कपही चालतं, साय दाट असते. एक उकळी वर येऊ द्या, गॅस बंद करा.

(दृश्य: गॅस बंद. बारीक चिरलेला गूळ.)

गुळात क्षार असतात, थोडा आंबटपणाही असतो, आणि उकळत्या दुधाला तेवढं निमित्त पुरतं. म्हणून गॅस बंद करून, उकळीचा जोर ओसरल्यावर, चिरलेला गूळ टाकून ढवळायचं. पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही. एवढ्यानंही धीर होत नसेल तर गूळ कपात घालून वरून चहा गाळा. बिघडलाच, तर एका कपावर निभावेल.

(दृश्य: कपबशा, वाटीत चिरमुरे.)

सोबत चिरमुरे. ते मूठमूठ टाकून लगेच खायचे. सगळे एकदम टाकले तर लगदा होतो. गाळणीतला चोथा गुलाबाला घालायचा असेल तर आधी धुऊन घ्या. दुधाचा अंश राहिला तर दोन दिवसांत कुंडीला वास सुटतो.