रोआनोकची वाफेची इंजिनं

(पडद्यावर: कृष्णधवल छायाचित्र, हळूहळू जवळ येणारं)

2 ऑगस्ट 1956. वेस्ट व्हर्जिनियातल्या आयगर गावचं ड्राइव्ह-इन थिएटर. लोक आपापल्या मोटारींत बसून सिनेमा बघताहेत. पडद्यावर विमान आणि पलीकडे पांढऱ्या वाफेचा लोट सोडत चाललेली मालगाडी. न्यूयॉर्कच्या ओ. विन्स्टन लिंकने चाळीसहून जास्त फ्लॅशबल्ब एकाच क्षणी उडवून हा फोटो काढला. एवढ्या झगझगाटात पडद्यावरचं चित्र कुठलं दिसायला? ते विमान त्याने मागाहून डार्करूममध्ये बसवलं. गाडी मात्र खरी, नॉरफोक अँड वेस्टर्न या रेल्वे कंपनीची.

तोवर अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या रेल्वे कंपन्या डिझेलवर गेल्या होत्या. नॉरफोक अँड वेस्टर्न मात्र अडून बसली होती. हा जुन्याचा सोस नव्हता, सरळ हिशोब होता. खाणींतला कोळसा नॉरफोक बंदरात पोचवणं हाच तिचा मुख्य धंदा. इंधन दारातच, आणि गिऱ्हाईक म्हणजे खाणमालक. त्यांच्या डोळ्यांदेखत तेलाची इंजिनं कोण घेणार?

(पडद्यावर: कारखाना, बॉयलरचं काम)

इंजिनंसुद्धा घरचीच. व्हर्जिनियातल्या रोआनोकच्या कारखान्यात कंपनी स्वतः ती बांधायची. वेगवान प्रवासी गाड्यांना जे क्लास, वेगवान मालगाड्यांना ए, आणि अवजड कोळसा ओढायला वाय-सिक्स. या वाय-सिक्सला ओढणारी चाकं सोळा. बॉयलरमधली वाफ आधी मागच्या सिलिंडरांत जायची. तिथलं काम झालं की तीच वाफ पुढच्या, आकाराने कितीतरी मोठ्या सिलिंडरांत. एकाच वाफेकडून दोनदा काम. रोआनोकच्या पूर्वेला ब्लू रिजचा चढ लागला की एक इंजिन पुढे आणि मागून रेटायला आणखी. कसारा घाटात मागून जोर द्यायला बँकर इंजिनं लावतात, तसंच.

देखभालीचीही नवी व्यवस्था होती. इंजिन शेडमध्ये आलं की राख काढणं, ग्रीस भरणं, धुणं, कोळसा-पाणी, सगळं साधारण तासाभरात उरकायचं. वाफेचं इंजिन म्हणजे दिवसभर शेडमध्ये पडून राहणारं धूड, हा समज इथे तरी लागू नव्हता.

1952 मध्ये कंपनीने डिझेलशी रीतसर चाचणी घेतली. इंधनाचा खर्च, ओढण्याची ताकद, लागणारा वेळ सगळं मोजलं. सामना जवळजवळ बरोबरीत सुटला.

मग वाफ हरली कशी? इंजिनाच्या ताकदीत कारण शोधून उपयोग नाही, ते बाजारात आहे. आल्को, बाल्डविन, लिमा या बड्या कारखान्यांनी 1949 पर्यंत देशातल्या रेल्वेंसाठी वाफेची इंजिनं बांधणं थांबवलं होतं. गिऱ्हाईकच उरलं नाही, तेव्हा सुटे भाग बनवणारेही एकेक करून गळाले. रोआनोक किती वस्तू स्वतः घडवणार? त्यात डिझेलला फायरमन लागत नाही, पाण्याच्या टाक्या नकोत, राखेचे खड्डे नकोत, बॉयलरवाल्यांची फौज नको. म्हणजे कित्येकांचा रोजगार गेला. डिझेलच्या कौतुकात ही बाजू कोणी फारशी सांगत नाही.

डिसेंबर 1953 मध्ये रोआनोकने 244 क्रमांकाचं शंटिंगचं इंजिन बाहेर काढलं. अमेरिकेतल्या मोठ्या रेल्वेसाठी बांधलेलं वाफेचं हे शेवटचं इंजिन. पुढच्याच वर्षी बाल्डविन-लिमा-हॅमिल्टनकडून वाफेच्या टर्बाइनवर चालणारं ‘जॉन हेन्री’ आणून पाहिलं. एकच आलं, दुसरं कधी मागवलं नाही. 1955 पासून डिझेल येऊ लागली. 1958 मध्ये स्टुअर्ट सॉन्डर्स कंपनीचे अध्यक्ष झाले आणि बदलाचा वेग वाढला. मे 1960 मध्ये या मार्गावरची नेहमीची वाफेची वाहतूक बंद पडली.

(पडद्यावर: 611, रंगीत)

जे क्लासचं 611 अजून धावतं. 1982 मध्ये आणि पुन्हा 2015 मध्ये ते दुरुस्त होऊन रुळांवर आलं. लिंकच्या फोटोंचं संग्रहालय रोआनोकच्या जुन्या स्टेशनात आहे. वाय-सिक्सची शेवटची सुधारित आवृत्ती, वाय-सिक्स-बी, मात्र एकही वाचली नाही, सगळी भंगारात गेली. त्यांचं थोरलं भावंड, वाय-सिक्स-ए क्रमांक 2156, तेवढं सेंट लुईसच्या वाहतूक संग्रहालयाने सांभाळलंय.