खापरावरची पावती

[दृश्य: टेबलावर तीन कोश, पानं उलटणारा हात]

बायबलच्या नव्या कराराच्या ग्रीकचे हे तीन कोश. डावीकडचा थेअरचा, 1886चा. मोबाइलवर बायबल वाचताना ग्रीक शब्दावर बोट ठेवलं की पुष्कळदा हाच उघडतो. फुकट आहे ना!

त्यात ‘लोगिया’ काढू. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, सोळाव्या अध्यायात, प्रेषित पौल वर्गणीबद्दल बोलतो. तिथला हा शब्द. थेअर अर्थ बरोबर देतो, पण कंसात शेराही मारतो: बायबलबाहेरच्या लेखकांत आढळत नाही.

[दृश्य: इजिप्त, वाळूचे ढिगारे, जुनी छायाचित्रं]

1896-97च्या हिवाळ्यात ऑक्सफर्डच्या ग्रेनफेल आणि हंट यांनी ऑक्सिरिंकस या जुन्या गावाचे उकिरडे उपसायला घेतले. निघाले पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाचे तुकडे, टोपल्याच्या टोपल्या. भाडेकरार, कर्जाच्या चिठ्ठ्या, हिशेब. एका पोराने बापाला चक्क धमकावलंय: मला अलेक्झांड्रियाला नेलं नाहीस तर मी तुला पत्र लिहिणार नाही, तुझ्याशी बोलणारही नाही!

आणि हे इजिप्तमधल्याच थीब्जचं खापर. साल इसवी सन 63, म्हणजे पौलाचीच पिढी. खापरावर शाईने लिहिलेली पावती आहे. कशाची? इसिस देवीच्या ‘लोगिया’ची. देवळाच्या वर्गणीचा रोजचा शब्द होता तो.

[दृश्य: मधला कोश, जवळून]

असले पुरावे शब्दाशब्दाखाली मांडले मोल्टन आणि मिलिगन यांनी. 1914पासून हप्त्याहप्त्याने निघालेला हा कोश. मोल्टन मधेच भारतात आले, मुंबईत पारशांसमोर जरथुष्ट्री धर्मावर बोलले. एप्रिल 1917मध्ये परतताना भूमध्य समुद्रात त्यांच्या जहाजावर टॉर्पेडो आदळला. ते बचावनौकेत वारले. कोश मिलिगन यांनी पुरा केला.

[दृश्य: उजवीकडचा कोश]

तिसरा बाउअर-डांकर, इंग्रजी आवृत्ती 2000ची. प्रतिशब्दावर न भागवता व्याख्या देतो, खाली पपायरस, शिलालेख, लेखक यांचे दाखले. कोश एकच घ्यायचा तर आम्ही हाच सांगू. किंमत मात्र दणदणीत. भाषांतर करणाऱ्यांनी लाऊ-नायडा हा अर्थाच्या गटांनी रचलेला कोशही जवळ ठेवावा.

थेअरच्या त्या शेऱ्यावर प्रवचनं उभी राहतात, ‘हा खास पवित्र शब्द’ म्हणून. पैसे नसतील तर थेअर जरूर वापरा, पण मोल्टन-मिलिगन शेजारी उघडा. तोही जालावर फुकटच आहे.