माळावरचे वावर आणि अध्यक्षपदाचे मत

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत दर चार वर्षांनी अध्यक्षपदाची निवडणूक होते आणि तिथला मतदार दर वेळी त्याच पेचात सापडतो. ओळखीचा माणूस ठेवावा, की न पारखलेल्याच्या हाती कारभार द्यावा? आपल्याकडे राष्ट्रपतींची निवड खासदार आणि आमदार करतात. त्यामुळे २००७ मध्ये आपल्या जळगाव जिल्ह्याच्या प्रतिभाताई पाटील देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या, तेव्हा खान्देशाला आनंद झाला, पण मत देण्याची वेळ आपल्यावर आली नव्हती. पेच मात्र आपल्या ओळखीचा आहे. पेरणीच्या तोंडावर बियाण्याच्या दुकानात उभा राहणारा प्रत्येक शेतकरी तो जाणतो, आणि म्हणूनच आज मी आमच्या आबांची हकीकत सांगणार आहे.

आबा म्हणजे माझे थोरले काका. अमळनेर तालुक्यात बोरी नदीच्या काठी त्यांचे एक वावर होते, काळ्या कसदार मातीचे आणि विहिरीच्या पाण्याचे. दुसरे वावर गावाबाहेर माळावर, मुरमाड आणि सर्वस्वी पावसावर सोडलेले. दोन्हीकडे वर्षानुवर्षे ‘नांदेड ४४’ हीच कपाशी लावली जाई. पुढे बोंडअळी मातली. फवारणीमागून फवारणी करून नदीकाठच्या वावरात घर चालेल एवढा कापूस तरी येत राहिला, परंतु माळावर लागोपाठ दोन वर्षे औषधाचा खर्चही निघाला नाही आणि दुसऱ्या वर्षी काकूंच्या पाटल्या गहाण पडल्या. घराला तोटा लागला हे सर्वांत आधी बाईच्या मनगटावरून कळते, असे माझे ठाम मत आहे. मतदारांचा कल मोजणाऱ्यांनी पहिला प्रश्न स्वयंपाकघरात विचारावा.

२००२ मध्ये बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारक ठरावी म्हणून जनुक बदललेल्या कपाशीला, देशात परवानगी मिळाली आणि पुढच्या खरिपात ते बियाणे आमच्या गावात आले. साडेचारशे ग्रॅमचे पाकीट, किंमत सुमारे सोळाशे रुपये. आबांनी दोन दिवस विचार केला, उसनवारी केली आणि दोन पाकिटे घरी आणली. आता एवढे महागाचे बियाणे कोणीही पाण्याखालच्या चांगल्या जमिनीत लावील. दुकानदाराने तेच सांगितले, शेजारच्या बांधावरच्यांनी तेच सांगितले, माझे वडील तर समजूत घालायला मुद्दाम वावरापर्यंत गेले. आबांनी ती दोन्ही पाकिटे माळावर लावली. नदीकाठी पुन्हा ‘नांदेड ४४’.

वडिलांनी कारण विचारले, तेव्हा आबा टिकाव बाजूला ठेवून बांधावर बसले आणि शांतपणे म्हणाले, की नदीकाठचे वावर आपल्याला जेवू घालते, त्याला हात लावायची माझी छाती नाही. माळावरच्या वावराने जे न्यायचे ते नेले आहे, तिथे आते जे व्हई ते व्हई. त्या वर्षी पाऊस वेळेवर आला, माळावरची बोंडे भरली आणि संक्रांतीच्या आधी काकूंच्या पाटल्या सुटून घरी आल्या. हळदीकुंकवाला त्या हातात घालून काकू दारात उभ्या होत्या, ते दृश्य मी आजही विसरलो नाही.

श्रोतेहो, माणूस एक, हंगाम एक, बियाणेही एकच. निर्णय मात्र दोन. जिथे हाती काही होते तिथे आबांनी जोखीम टाळली, आणि जिथे नुकसान सोसले होते तिथे तीच जोखीम पत्करली. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये हीच गोष्ट प्रयोगांच्या आधारे मांडली, आणि पुढे २००२ मध्ये कानेमन यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

अध्यक्षपदाचे मत मला याच तराजूत तोललेले दिसते. १९६४ मध्ये अमेरिकेत बरकत होती. आव्हान देणारे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्या हाती अण्वस्त्रे देणे धोक्याचे आहे, असे सुचवणारी एक जाहिरात तेव्हाचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या पक्षाने ७ सप्टेंबरला दाखवली. फुलाच्या पाकळ्या मोजणारी लहान मुलगी आणि पाठोपाठ अणुस्फोट, एवढेच तिच्यात होते. जॉन्सन ४४ राज्यांत जिंकले. १९८० मध्ये तेव्हाचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनीही आपले प्रतिस्पर्धी रोनाल्ड रेगन यांच्याविषयी तशीच भीती बोलून दाखवली, परंतु तोवर महागाई १३ टक्क्यांच्या वर गेली होती आणि ५२ अमेरिकन इराणच्या तेहरानमध्ये वर्षभर ओलीस होते. मतदानाच्या आठवडाभर आधी, २८ ऑक्टोबरच्या वादसभेत, चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचे आज बरे चालले आहे का, असे रेगन यांनी घरोघरच्या श्रोत्यांना विचारले. या वेळी ४४ राज्ये रेगन यांना मिळाली. भीती तीच होती, पण ती माळावरच्या वावरात उभ्या असलेल्या माणसाला घातली गेली होती.

अर्थात नुकसान सोसलेला माणूस कोणतेही पाकीट उचलत नाही. आबांनी आधी शेजारच्या गावातले एक पीक डोळ्यांनी पाहिले होते. रेगन यांनाही त्या वादसभेत शांत, समंजस दिसावे लागले. तेवढी खात्री पटली आणि मग मते वळली. म्हणून मी नेहमी म्हणतो, की बियाण्याच्या पाकिटावरची माहिती मोठ्या मराठी अक्षरांत छापलीच पाहिजे, कारण अडलेल्या माणसाला वाचायला उसंत फार थोडी असते.

चार वर्षांनी, १९८४ मध्ये, हेच रेगन ४९ राज्यांत जिंकले. कालची जोखीम आता ओळखीची झाली होती आणि सोडण्याची भीती वाटावी असे लोकांच्या हाती काही आले होते. आमच्याकडेही तसेच झाले. काही वर्षांत आबांच्या दोन्ही वावरांत बीटीच उभी राहिली. २०१७ मध्ये बीटीलाही न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर कापूस खाल्ला, तेव्हा माझा चुलतभाऊ सोयाबीनची गोष्ट घेऊन आबांकडे गेला. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी काठी उचलून माळाकडे दाखवली आणि नदीकाठच्या वावरात त्याला पाऊल ठेवू दिले नाही.