धूर कुठून येतो?

मित्रहो, जुनी मोटारसायकल घरीच दुरुस्त करून पुन्हा चालती करायची म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आधी चकचकीत टाकी आणि नवे क्रोम येते. मला मात्र आज धुराविषयी बोलायचे आहे, कारण टू-स्ट्रोक (म्हणजे पेट्रोलातच तेल मिसळून चालणाऱ्या) गाडीचा धूर ओळखता आला तर इंजिन उघडण्याआधीच बरेचसे निदान होते.

उदाहरणादाखल येझदी घेऊ. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात जावा या नावाने बनू लागलेली ही गाडी १९७३ पासून येझदी म्हणून विकली जाऊ लागली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. गिअरचाच दांडा फिरवून किक मारायची तिची रीत ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

तिच्या क्रँकच्या (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्याच्या) पोकळीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, स्वतंत्र तेल नसते. साधारण २५ भाग पेट्रोलात १ भाग तेल मिसळायचे आणि ते मिश्रणच आतल्या बेअरिंगना वंगण पुरवते. पिस्टन वर जाताना खालच्या पोकळीत मिश्रण ओढले जाते आणि खाली येताना ते दाबून वर ढकलले जाते, म्हणजे क्रँककेस हा एक पंपच आहे, आणि पंप म्हटला की तो हवाबंद असायला हवा. हे काम क्रँकच्या दोन्ही टोकांची रबरी ऑइल सील करतात. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत ती सुकून कडक होतात. क्लचच्या बाजूचे सील गेले की इंजिन गिअरचे तेल ओढून जाळू लागते आणि इंजिन तापल्यावरही पांढरा, दाट धूर थांबत नाही. असा धूर पाहून फोर-स्ट्रोकच्या सवयीचा मिस्त्री सरळ ‘बोअर गेला’ (सिलिंडर आतून झिजला) म्हणतो आणि नवा पिस्टन सुचवतो. वास्तविक टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या रिंगा झिजल्या की दाब कमी होतो, किक हलकी लागते. धुराचे कारण सहसा दुसरीकडे असते.

खात्री करायला हत्यारे लागत नाहीत. गिअरचे तेल खुणेपर्यंत भरा, गाडीखाली पुठ्ठा पसरा, आठवडाभर दादर ते शीव अशा फेऱ्या मारा आणि पातळी पुन्हा पाहा. पुठ्ठा कोरडा आणि तेल मात्र कमी, तर ते इंजिनातूनच गेले. (सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो पुठ्ठा तुमच्याआधी सेक्रेटरी तपासतील, ही गोष्ट वेगळी.)

क्रँकच्या दुसऱ्या टोकाचे, म्हणजे वीज तयार करणाऱ्या डायनॅमोकडचे, सील गेले तर धूरच येत नाही, आणि म्हणूनच ते अधिक घातक. बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, थ्रॉटल सोडला तरी इंजिनाचा वेग पटकन उतरत नाही. मालक कार्बोरेटरचे स्क्रू फिरवत बसतो आणि एखाद्या दुपारी पुलाच्या चढावर पिस्टन सीज होतो, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकतो. म्हणून माझा आग्रह असा, की दोन्ही सील एकदमच बदलावीत. इंजिनातल्या इतर भागांच्या मानाने ती अगदी स्वस्त असतात. सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधता येतील, पण वापरलेले सील मात्र कुणी फुकट दिले तरी घेऊ नये.

टाकीविषयी थोडेच सांगतो. मुंबईची खारट, दमट हवा टाकीला आतून गंज चढवते, आणि आताच्या पेट्रोलमधले इथेनॉल पाणी धरून ठेवते. मी स्वतः आधी टाकी रंगवली आणि मग आतला गंज काढायला आम्ल ओतले. तोंडाशी सांडलेल्या ओघळाने महिन्याभराची मेहनत एका संध्याकाळी उतरवली. गंज आधी, रंग नंतर, आणि मध्ये टाकी पूर्ण कोरडी.

रंगाऱ्याकडे चॅसी (गाडीचा सांगाडा) देताना आणखी एक काळजी घ्या. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे ५-५ वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. त्या तपासणीत चॅसीवर ठोकलेला नंबर आर.सी. बुकाशी ताडून पाहतात. रंगाऱ्याचा हात मात्र पुट्टी भरण्यात आणि पॉलिशपेपर घासण्यात सढळ असतो. म्हणून चॅसी देण्यापूर्वी त्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्या, फोटो काढा, आणि तेवढ्या जागेवर चिकटपट्टी स्वतःच्या हाताने लावून मगच ती त्याच्या ताब्यात द्या.